लेदर जॅकेटचे पोपडे का पडतात? ॲक्शन फिगरच्या कपड्यांची दुरुस्ती

हा भाग ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं असेल, तर वाचून काढा. बोलतानाचे "अं... म्हणजे..." तेवढे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे. कंसातली वेळ ऑडिओमधली.

(००:००) आधी तुमचा हेडफोन बघा

आत्ता कानावर मोठा हेडफोन असेल तर एक मिनिट काढा आणि त्याच्या कुशनकडे नीट बघा. दोन-तीन वर्षं जुना असेल तर बहुतेक काळे पापुद्रे सुटायला लागले असतील. कानाला, मानेला चिकटतात, आई विचारते "हे काळं काळं काय लागलंय?" ऑफिसच्या खुर्चीच्या हातांचं तेच होतं. कपाटात ठेवलेल्या लेदर जॅकेटचं, पर्सचं, बेल्टचं तेच. वापरलं नाही तरी होतं.

आज आपण याच रोगाबद्दल बोलणार आहोत, पण तो जिथे सगळ्यात महाग पडतो त्या जागेबद्दल. ती जागा म्हणजे कलेक्टिबल ॲक्शन फिगर. बारा इंची, खऱ्या कापडाचे कपडे घातलेली, वीस-तीस हजार रुपये सहज घेऊन जाणारी फिगर. टर्मिनेटरचं बायकर जॅकेट, ब्लेडचा लांब कोट, ब्लॅक विडोचा सूट. एक दिवस तुम्ही कपाट उघडता, धूळ झटकायला ब्रश फिरवता आणि कोपरावरून काळा पापुद्रा खाली पडतो.

या भागात तीन गोष्टी सांगतो. हे का होतं, झालं तर काय करायचं आणि होऊ नये म्हणून काय करायचं. मी केमिस्ट नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण गेली काही वर्षं हा उद्योग करतोय, माझ्या आणि मित्रांच्या बऱ्याच फिगरवर हात चालवलाय, त्यामुळे जे सांगतो ते करून बघितलेलं आहे.

(०२:१०) हे कपडे असतात कशाचे?

या फिगरना वन-सिक्स्थ स्केल म्हणतात. खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर उंच. ही साइज नवीन नाही, १९६४ साली हॅस्ब्रोने आणलेला जी.आय. जो याच मापाचा होता. पण तेव्हा ते मुलांचं खेळणं होतं. आता ते मोठ्यांचं शोकेसमधलं प्रकरण झालंय.

मग तुम्ही म्हणाल, एवढे पैसे घेतात तर खरं लेदर का नाही वापरत? यात कंपनीचा कंजूसपणा थोडा असेल, पण खरं कारण गणित आहे. खऱ्या बायकर जॅकेटचं चामडं साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाड असतं. त्याला सहाने भागा. ०.२ मिलिमीटर आलं. एवढं पातळ चामडं काढता येत नाही असं नाही, पण ते हाताळायला फार नाजूक होतं. आणि जाड चामडं लावलं तर फिगर रजई पांघरल्यासारखी दिसते. शिवाय चामड्याचा दाणा, म्हणजे त्यावरची बारीक छिद्रं आणि रेषा, यांना स्केल नसतो. बारा इंची माणसाच्या अंगावर त्या रेषा हत्तीच्या कातडीसारख्या वाटतात.

म्हणून वापरतात फॉ लेदर. आपल्याकडे ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतात त्याच खानदानातलं. खाली पातळ विणलेलं कापड, त्यावर प्लॅस्टिकचा थर. हा थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो, त्याला आपण पीयू म्हणू. बनवतात कसं, तर चामड्यासारखा दाणा उठवलेला एक खास कागद घेतात, त्यावर पीयूचा पातळ थर ओततात, मागून कापड चिकटवतात आणि शेवटी कागद सोलून काढतात. कागदावरचा दाणा पीयूवर उमटतो. म्हणजे तुम्हाला जे "लेदर" दिसतं ते कापडावरची कागदाइतकी पातळ साय आहे. दुधावरची साय डोळ्यासमोर आणा. आज पुढे जे काही सांगणार आहे ते त्या सायीबद्दल आहे.

(०४:३०) नक्की बिघडतं काय?

बहुतेकांना वाटतं की लेदर "सुकलं", म्हणून तडे गेले. मग लोक त्याला तेल पाजतात. इथेच सगळा घोळ आहे. फॉ लेदर सुकून मरत नाही. ते पाण्याने मरतं.

पॉलियुरेथेन हा शोध ऑटो बायर आणि त्यांच्या टीमचा, १९३७, जर्मनी. याचे दोन मोठे प्रकार आहेत. एक पॉलिएस्टर जातीचा, एक पॉलिईथर जातीचा. स्वस्त आणि मऊ फॉ लेदरमध्ये बरेचदा पॉलिएस्टर जातीचा वापरतात. त्याच्या लांबलचक साखळीत ठिकठिकाणी एस्टर नावाची कडी असते. बारावीचं ऑरगॅनिक आठवा: ॲसिड अधिक अल्कोहोल बरोबर एस्टर अधिक पाणी. ही रिॲक्शन उलटीही चालते. एस्टरला पाणी मिळालं की तो परत ॲसिड आणि अल्कोहोलमध्ये तुटतो. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. तेलापासून साबण बनवताना तुटते ती कडीसुद्धा याच जातीची.

आता पाणी म्हणजे बादलीभर पाणी नव्हे. हवेतली वाफ पुरते. वाफेचा रेणू हळूच थरात शिरतो, एक कडी तोडतो. लांब साखळीचे दोन तुकडे होतात. अशा हजारो कड्या तुटल्या की थराची लवचिकता जाते, कापडावरची पकड सुटते आणि पोपडे पडतात.

आणि खरी गंमत पुढे आहे. कडी तुटल्यावर जे ॲसिड तयार होतं ते पुढची कडी तुटायला मदत करतं. म्हणजे रिॲक्शन स्वतःच स्वतःला वेग देते. कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर बाहेर पडायची अट नसलेलं रिकर्शन. म्हणूनच अनुभव असा येतो की पाच-सहा वर्षं काहीच दिसत नाही आणि मग एका पावसाळ्यात सगळं जॅकेट हातात येतं. ते एका पावसाळ्यात झालेलं नसतं. त्या पावसाळ्यात फक्त दिसायला लागतं.

उष्णता याला आणखी चालना देते. केमिस्ट्रीत एक ढोबळ नियम सांगतात, तापमान दहा अंशांनी वाढलं की रिॲक्शनचा वेग साधारण दुप्पट. आता मुंबईचा जुलै डोळ्यासमोर आणा. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, तापमान अठ्ठावीस-तीस. कोकणात, गोव्यात तेच. हायड्रॉलिसिसला याहून चांगलं घर मिळणार नाही. म्हणून परदेशातल्या कलेक्टरने "माझी तर दहा वर्षं टिकली" म्हटलं की त्याच्या गावची हवा विचारा. ज्याच्या घरात सहा महिने हीटर चालतो, त्याच्या घरातली हवा कोरडी असते. त्याचा अनुभव आपल्याला लागू पडत नाही.

दुसरा प्रकार पीव्हीसीचा. काही चकचकीत सूट, बूट, बेल्ट यात पीव्हीसी असतं. पीव्हीसी मुळात कडक प्लॅस्टिक, आपल्या पाण्याच्या पाइपचं. त्याला मऊ करायला तेलासारखं एक द्रव्य मिसळतात, प्लॅस्टिसायझर. हे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं. आधी वस्तू चिकट होते, धूळ पकडते, मग वर्षांनी कडक होऊन तडकते. म्हणजे पोपडे पडले तर बहुधा पीयू आणि चिकट झालं तर पीव्हीसीचा संशय घ्या. पण हा अगदी पक्का नियम नाही, काही पीयूसुद्धा शेवटच्या टप्प्यात चिकट होतं.

(०७:४०) "पण माझी तर सीलबंद आहे!"

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज होता, की मी फिगर बॉक्समधून बाहेरच काढलेली नाही, मग मला काळजी नाही ना?

दोस्ता, वाईट वाटून घेऊ नकोस, पण काळजी आहे. घड्याळ बॉक्स उघडल्यावर सुरू होत नाही, ते फॅक्टरीत सुरू होतं. खोकं हवाबंद नसतं. पुठ्ठा ओल शोषतो आणि हळूहळू सोडत राहतो. आतलं ॲसिड आतच राहतं, त्याला बाहेर जायला मोकळी हवा नाही. शिवाय बॉक्समध्ये फिगरच्या अंगाला घट्ट लपेटलेलं प्लॅस्टिक असतं, ते अनेकदा जॅकेटला चिकटलेलं सापडतं.

याचा थेट संबंध तुमच्या खिशाशी आहे. सेकंडहँड बाजारात "मिंट, नेव्हर ओपन्ड" या शब्दांना जास्त पैसे पडतात. पण फॉ लेदरचे कपडे असलेली आठ-दहा वर्षं जुनी सीलबंद फिगर म्हणजे आत काय आहे हे कुणालाच माहीत नाही. विकणाऱ्यालाही नाही. माझ्याकडची टर्मिनेटर २ मधली टी-८०० ची फिगर मी अशीच न उघडलेली घेतली. उघडली तेव्हा कॉलरचा अर्धा थर प्लॅस्टिकला चिकटून वर आला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा एका कंपनीचा प्रश्न नाही. कपड्यात जी साय आहे, प्रश्न तिचा आहे. तेव्हा जुनी फिगर घेताना बॉक्स उघडून कोपर, काख, कॉलर आणि गुडघे यांचे जवळून काढलेले फोटो मागा. समोरचा "सील तुटेल" म्हणाला तर त्या सीलचे जास्तीचे पैसे देऊ नका.

(०९:३०) आधी निदान, मग औषध

हात लावायच्या आधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, बटणं-बकल-बेल्ट कसे आहेत ते दिसतील असे. कोड बदलायच्या आधी आपण कमिट मारतो ना, तसंच.

मग फिगरचं डोकं आणि हाताचे पंजे काढून घ्या. मनगटाचा सांधा कडक असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा फक्त त्या सांध्यावर, जॅकेटवर नाही. नंतर चांगल्या उजेडात कपड्याला तीनपैकी एका गटात टाका.

पहिला गट: थर सगळा जागेवर आहे, पण वाकवलं की केसासारखे तडे दिसतात.

दुसरा गट: ठरावीक जागी पापुद्रे सुटलेत. बहुतेक वेळा आतलं कोपर, काख आणि कॉलरची घडी. या जागा वर्षानुवर्षं वाकलेल्या असतात, साय तिथे आधी फाटते.

तिसरा गट: हलकं बोट फिरवलं तरी सगळीकडून थर निघतोय.

अजून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे नंतर निराशा नको. तुटलेली साखळी परत जोडता येत नाही. कुठलंही क्रीम, कुठलाही स्प्रे हायड्रॉलिसिस उलटा फिरवत नाही. म्हणून दुरुस्ती म्हणजे एक निवड आहे. तुम्हाला मूळ थर वाचवायचा आहे की मूळ रूप? पहिल्या गटात दोन्ही जमतं. दुसऱ्यात थोडं थोडं जमतं. तिसऱ्यात मूळ थर गेलाय असं मान्य करून फक्त रूप परत आणायचं. हा निर्णय आधी घेतला की पुढचं काम सोपं होतं.

(११:००) काय लावायचं नाही

खोबरेल तेल, व्हॅसलिन, बूटपॉलिश, लेदर कंडिशनर. खऱ्या चामड्याला तेल मुरतं कारण ते तंतूंचं बनलेलं आहे. पीयू प्लॅस्टिक आहे, त्यात काही मुरत नाही. वर तेलकट थर बसतो आणि नंतर त्यावर रंग धरत नाही.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर. ॲसिटोन पीयू फुगवतं आणि खालच्या फिगरचं एबीएस प्लॅस्टिक विरघळवतं. लांब ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलसुद्धा वरचं फिनिश आणि फिगरचा रंग उचलू शकतं, म्हणून पुसायला पाणीच बरं.

फेविक्विक किंवा कुठलाही सुपरग्लू. सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, आजूबाजूला पांढरी धूसर छटा सोडतो आणि पुढच्या वेळी कोपर वाकवलं की त्याच्या कडेने नवीन तडा जातो.

टाल्कम पावडर. चिकट पीव्हीसीवर लोक मारतात. चार दिवस बरं वाटतं, मग पावडरचा लगदा होतो.

(१२:३०) प्रत्यक्ष दुरुस्ती

सामान साधं आहे. मऊ ब्रश, कानातल्या कापसाच्या काड्या, चिमटा, मास्किंग टेप, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग, फॅब्रिक मीडियम, पाण्यात मिसळणारा लवचिक फॅब्रिक ग्लू, शून्य आणि दोन नंबरचे ब्रश, मेकअपचा स्पंज. ॲक्रिलिक रंग आपल्याकडचे फेविक्रिलचे चालतात, बाहेरचे लेदर पेंट मिळाले तर आणखी चांगले, ते जास्त वाकतात. फॅब्रिक मीडियम म्हणजे रंगात मिसळायचं पातळ द्रव्य, त्याने सुकलेला रंग कापडाबरोबर वाकतो. ते टाळू नका. नुसता ॲक्रिलिक जाड लावला तर त्याचेच तडे जातील. तिसऱ्या गटात काळा भुगा उडतो, तेव्हा मास्क लावा.

सगळ्यांसाठी सुरुवात एकच. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. मग पाण्यात जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने हळू टिपा, घासू नका. पंख्याखाली पूर्ण एक दिवस सुकू द्या. ओलीवर रंग लावला तर ओल आत कोंडली जाते, आणि आपला शत्रूच ओल आहे.

पहिल्या गटासाठी: काळ्या रंगात तेवढंच फॅब्रिक मीडियम आणि थोडं पाणी घाला. चहाइतकं पातळ करा. हे मिश्रण शून्य नंबरच्या ब्रशने फक्त तड्यांमध्ये सोडा, वरचं लगेच स्पंजने टिपून घ्या. रंग तड्यात उतरतो आणि खालचं पांढरं कापड दिसेनासं होतं. दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर किमान दोन तास. इथे काम संपलं. पूर्ण जॅकेट रंगवायचा मोह होतो, तो आवरा. मूळ फिनिश जितकं शिल्लक तितकं चांगलं.

दुसऱ्या गटासाठी: इथे सगळ्यात जास्त फायदा देणारी एक युक्ती आहे. पापुद्रा गेल्यावर डोळ्याला खुपतं ते काय? खालचं पांढरट कापड. म्हणून आधी उघडं पडलेलं कापड पातळ काळ्या रंगाने रंगवून घ्या, कापड रंगात मुरवल्यासारखं. अर्धा रोग इथेच दिसेनासा होतो. हे करताना सुटलेल्या पापुद्र्यांच्या कडेखालीसुद्धा ब्रशचं टोक सरकवा, म्हणजे उद्या तिथला तुकडा पडला तरी खाली काळंच निघेल.

रंग सुकल्यावर लोंबणारे पापुद्रे चिकटवा. त्यासाठी फॅब्रिक ग्लूमध्ये थोडं पाणी, ब्रशच्या टोकावर अगदी टिपूसभर, कडेखाली सरकवा. वर बटर पेपर ठेवून बोटाने अर्धा मिनिट दाबा. बटर पेपर चिकटत नाही म्हणून. जिथे पापुद्रा हरवलाच आहे, तिथे मीडियम घातलेल्या रंगाचे चार-पाच पातळ हात देऊन उंची भरून आणा. शेवटचा हात स्पंजने टिपत द्या, त्याने दाण्यासारखा पोत येतो.

आता रंगाची गोष्ट. ट्यूबमधला काळा तसाच लावू नका. लहान स्केलवर तो खड्ड्यासारखा दिसतो. त्यात कणभर तपकिरी किंवा गडद निळा मिसळा आणि जॅकेटच्या आतल्या घडीत लावून सुकल्यावर बघा. ॲक्रिलिक सुकल्यावर थोडा गडद होतो. चमकसुद्धा जुळवावी लागते. दुरुस्त केलेली जागा रंगाने कमी आणि चमकेने जास्त ओळखू येते. मॅट आणि ग्लॉस व्हार्निश मिसळून मधली चमक काढा.

तिसऱ्या गटासाठी: हे लोकांना भीतीदायक वाटतं, पण मला विचाराल तर सगळ्यात समाधान देणारं काम हेच. अर्धवट सुटलेल्या थरावर रंग लावण्यात अर्थ नसतो, कारण रंग त्या थराला धरतो आणि थर कशालाच धरलेला नसतो. प्लॅस्टर सुटलेल्या भिंतीला डिस्टेंपर देण्यातला प्रकार. म्हणून सगळा सैल थर काढून टाका. मास्किंग टेप हलकेच दाबून उचलत जा, शिवणीजवळ बोथट चिमटा. बहुतेक वेळा खालचं विणलेलं कापड उत्तम अवस्थेत असतं, आणि शिवण, चेन, बटणं सगळं शाबूत. म्हणजे जॅकेट आहेच, फक्त वरची साय गेलीय. ती आपण नवीन घालायची.

पहिला हात पातळ, कापडात मुरेल असा. मग अर्धा रंग आणि अर्धं मीडियम असे चार ते सहा पातळ हात. प्रत्येक दोन हातांच्या मध्ये बाह्या आणि कॉलर हाताने हलवा, नाहीतर घड्या एकमेकांना चिकटतात. शेवटच्या आधीच्या हातावर, रंग अर्धवट ओला असताना, चुरगळलेली क्लिंग फिल्म हलकी दाबून उचला. चामड्यासारख्या बारीक सुरकुत्या उठतात. कडांवर गडद राखाडी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिरवा, वापरून झिजलेलं लेदर दिसतं. टी-८०० च्या जॅकेटला हे इतकं शोभतं की बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम वेदरिंग केलंय. मग किमान आठवडाभर फिगरला न घालता तसंच ठेवा. वरून कोरडं वाटलं तरी ॲक्रिलिक आतून पक्कं व्हायला वेळ घेतं.

या रंगात एस्टर जातीचं पीयू नाही, त्यामुळे तो मूळ थरासारखा ओलीने विरघळत जाणार नाही. पण तो अमरही नाही. रोज कोपर वाकवलंत तर झिजेल.

चिकट पीव्हीसीचं काय? सौम्य साबणाच्या पाण्याने टिपून साफ करा, सुकवा आणि मोकळ्या हवेत ठेवा. काही महिन्यांनी परत करावं लागेल. त्यावर रंग लावू नका, खालून येणारं प्लॅस्टिसायझर रंगाला नीट सुकूच देत नाही.

(१८:२०) कापडही गेलं असेल तर

मग नवीन शिवा, किंवा शिवून घ्या. जुनं जॅकेट फेकू नका, तो तुमचा पॅटर्न आहे. टाके उसवून एकेक तुकडा सपाट करा आणि शंभर टक्के साइजवर स्कॅन करा. चेन, बकल, बटणं काढून जपून ठेवा, या मापाच्या वस्तू बाजारात सहज मिळत नाहीत.

खरं चामडं वापरायचं तर मेंढीचं किंवा बकरीचं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत धारावीमध्ये लेदरच्या वस्तू बनवणाऱ्यांची दुकानं आणि कारखाने आहेत, तिथे कापून उरलेल्या तुकड्यांतून बारीक दाण्याचा एखादा निवडा. आपल्याला तळहाताएवढे चार तुकडे पुरतात. शिवणीच्या कडा मागून तासून पातळ कराव्या लागतात, नाहीतर शिवण लाकडासारखी उभी राहते. फिगर थोडी जाडजूड दिसेल, हे आधीच धरून चाला. पण हे जॅकेट पीयूसारखं सोलून निघणार नाही. मात्र चामड्याला ओलीत बुरशी येते, त्यामुळे पावसाळा त्यालाही सांभाळावाच लागतो.

(१९:५०) न बिघडलेल्या फिगरसाठी

ज्यांच्या फिगर अजून ठणठणीत आहेत त्यांनी हा तुकडा दोनदा ऐका, कारण सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

एक, चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि कपाटात ठेवा. आकडा दिसल्याशिवाय आपण सगळं अंदाजाने करतो. ४० ते ५० टक्के आर्द्रता चांगली. ६५ च्या वर गेलं की हालचाल करा.

दोन, सिलिका जेल फक्त बंद जागेत काम करतं. उघड्या शेल्फवर पुड्या ठेवणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून एसी लावणं. काचेच्या कपाटाच्या फटींना रबराची पट्टी लावा आणि आत चांगलं अर्धा किलो ठेवा, बुटाच्या खोक्यातली एक पुडी नव्हे. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. रंग बदलला की वेगळ्या ट्रेमध्ये ११०-१२० अंशांवर तासभर तापवून परत वापरा. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे.

तीन, कपाटात जुने पिवळे दिवे असतील तर काढा. उन्हासमोरची भिंतही नको.

चार, पोझ सरळ ठेवा. हात कमरेवर ठेवलेली पोझ भारी दिसते, पण कोपराची घडी वर्षभर ताणात राहते. निदान पावसाळ्याचे चार महिने तरी हात खाली सोडा.

पाच, अंगाला लपेटलेलं प्लॅस्टिक काढा. कपड्याचा रंग अंगाला लागू नये म्हणून मध्ये काही हवंच असेल तर ॲसिड-फ्री टिश्यू पेपर घाला.

सहा, बॉक्समध्येच ठेवायची असेल तर दर सहा महिन्यांनी उघडून हवा द्या. दिवाळीच्या साफसफाईला एकदा, मे महिन्यात एकदा.

(२२:१०) दुरुस्त केलेली फिगर विकताना

हा मुद्दा छोटा आहे पण मला महत्त्वाचा वाटतो. चांगलं काम झालं की ते ओळखू येत नाही. आणि जे ओळखू येत नाही ते लपवता येतं. विकताना "जॅकेट रिपेंट केलंय, मूळ थर काढलाय" हे एक वाक्य लिहा आणि आधीचे फोटो जोडा. आधीचे फोटो आपण काढलेलेच आहेत. किंमत थोडी कमी येईल. पण आपलं सर्कल लहान आहे, तोच माणूस उद्या दुसऱ्या फिगरसाठी तुम्हालाच मेसेज करणार आहे. आणि घेणाऱ्याला माहीत असेल तर तो पुन्हा त्यावर तेल चोळून तुमची मेहनत घालवणार नाही.

(२३:१५) थोडक्यात

फॉ लेदर पाण्याने मरतं, म्हणून त्याला तेल नको, कोरडी हवा द्या. सील म्हणजे सुरक्षा नाही. तडे असतील तर भरा, पापुद्रे असतील तर आधी खालचं कापड काळं करा, सगळंच सुटलं असेल तर न घाबरता काढून टाका आणि नवीन थर चढवा. आणि हे करायचं असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी करा, कारण दमट हवेत रंग नीट सुकत नाही.

तुमच्या फिगरचे फोटो पाठवा, कोपराचे आणि कॉलरचे नक्की. कुठल्या गटात बसतात ते पुढच्या प्रश्नोत्तरांच्या भागात एकत्र बघू. आणि हो, हेडफोनच्या कुशनसाठी हाच उपाय चालेल का असं विचारणार असाल तर उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही. तिथे घाम लागतो, रोज घासलं जातं. नवीन कुशन विकत घ्या, तेवढ्यात भागतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर कपाट कोरडं ठेवा!